हाताचं छोटं ऑपरेशन: ट्रामाडॉल हवंच का, की पॅरासिटामॉलवर भागेल?

प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ५८, वजन ६२ किलो. पुढच्या आठवड्यात उजव्या हाताचं कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचं ऑपरेशन आहे, पूर्ण भूल न देता फक्त हात बधिर करून. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी, आणि हाताच्या मुंग्यांसाठी रात्री प्रीगॅबालिन ७५. क्रिएटिनिन ०.९. ऑपरेशननंतरची चिठ्ठी आधीच हातात दिली आहे. त्यात ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून तीनदा, पाच दिवस, आणि 'जास्त दुखल्यास' एसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल. मेडिकलवाला म्हणाला, ही पहिली गोळी नशेच्या औषधांत मोडते. ती टाळली तर आईला दुखणं सोसवेल का? सोबतीला दुबईहून आलेला भाऊ असेल.

सोसवेल. अशा ऑपरेशननंतर बहुतेकांना ट्रामाडॉलसारख्या अफूवर्गीय औषधाची एकही गोळी लागत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत तर ती टाळण्याची कारणं नेहमीपेक्षा जास्त आहेत. पण नुसतं 'ट्रामाडॉल नको' म्हणून हातात काहीच न देणं हीही चूकच. त्या जागी काय, किती आणि मुख्य म्हणजे किती वाजता द्यायचं, हे ठरलेलं हवं. पहिल्या रात्रीचं दुखणं बहुधा गोळी कमी ताकदीची होती म्हणून हाताबाहेर जात नाही, गोळी उशिरा घेतली म्हणून जातं.

आधी दुखणं कसलं असतं ते बघू. तळहाताच्या बुडाशी दोन-तीन सेंटिमीटरची चीर असते. तिच्याखाली मनगटाचा आडवा पट्टा कापून नस मोकळी केलेली असते. हाड कापलेलं नसतं, स्नायू फारसा दुखावलेला नसतो. दुखतं ते कापलेल्या जागी येणाऱ्या सुजेमुळे आणि तिथे तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एसिक्लोफिनॅक या वर्गातली औषधं ती रसायनं तयार होणंच कमी करतात, म्हणजे दुखण्याच्या उगमाशी काम करतात. ट्रामाडॉल, कोडीन, ऑक्सिकोडोन ही अफूवर्गीय औषधं मेंदू आणि मज्जारज्जूत काम करतात. दुखण्याची जाणीव बोथट होते, सूज जिथल्या तिथे राहते. पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या ऑपरेशननंतर या औषधांचा खरा आधार असतो. हाताच्या छोट्या चिरेला त्यांची ताकद वाया जाते आणि त्रास मात्र पुरा वाट्याला येतो.

हे नुसतं तर्कावर सांगत नाही. फिलाडेल्फियातल्या हाताच्या सर्जननी कार्पल टनेलच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले: एकाला ऑक्सिकोडोन ५ मिग्रॅ, दुसऱ्याला आयबुप्रोफेन ६००, तिसऱ्याला पॅरासिटामॉल ५००. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. दुखण्यात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. २०१७ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या दोन इमर्जन्सी विभागांत हातापायाच्या दुखण्यासाठी आलेल्या ४१६ जणांवर अभ्यास झाला. आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल १००० एकत्र दिलेल्यांना दोन तासांनी जेवढा आराम होता, तेवढाच अफूवर्गीय मिश्रण घेतलेल्यांना होता. त्या रुग्णांत हाड मोडलेलेही होते, हे ध्यानात घ्या. २०२२ मध्ये ४७ चाचण्या आणि साडेसहा हजारांवर रुग्ण एकत्र धरून आढावा प्रसिद्ध झाला. लहान आणि मध्यम ऑपरेशननंतर घरी जाताना अफूवर्गीय गोळ्या दिल्याने दुखणं कमी होत नाही, उलट्या आणि इतर त्रास मात्र वाढतात, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आणखी एक मोजमाप मला फार उपयोगी वाटतं. किती जणांना औषध दिलं म्हणजे त्यातल्या एकाचं दुखणं निव्वळ त्या औषधामुळे निम्म्यावर येतं? आकडा जितका लहान तितकं औषध चांगलं. आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल १००० एकत्र दिलं तर हा आकडा १.५ आहे. आयबुप्रोफेन ४०० एकटं असेल तर २.५, पॅरासिटामॉल १००० एकटं असेल तर ३.६. ट्रामाडॉल १०० मिग्रॅला तो पाचच्या आसपास जातो आणि कोडीन ६० मिग्रॅला १२ वर. यातले बरेच आकडे अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरचे आहेत, तळहातावरचे नाहीत. तरी ताज्या जखमेच्या सुजेचं दुखणं दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते इथे लावणं वावगं नाही. लोक ज्याला 'साधी गोळी' म्हणतात ती यादीत वर आहे, आणि 'स्ट्राँग' म्हणून देतात ती खाली.

ट्रामाडॉलची एक अडचण वेगळीच आहे. गोळीतलं ट्रामाडॉल अफूसारखं काम थेट फारसं करत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं रूपांतर करतं, तेव्हा कुठे खरं वेदनाशामक तयार होतं. हे एन्झाइम काहींमध्ये जन्मतःच मंद असतं. त्यांना गोळी घेऊन मळमळ आणि गरगर तेवढी मिळते, आराम नाही. काहींमध्ये ते अतिवेगवान असतं, त्यांना नेहमीचाच डोस जास्त होतो, माणूस गुंगीत जातो आणि श्वास मंदावतो. कोण कुठल्या गटात आहे हे चिठ्ठी लिहिताना कळत नाही. कोडीनचंही असंच आहे. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना ही दोन्ही औषधं देऊ नयेत असं स्पष्ट केलं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनेही ती घेऊ नयेत असा इशारा दिला. हे वाचणाऱ्या कुणाच्या लहान मुलाचं बोटाचं ऑपरेशन असेल, तर चिठ्ठीवर ट्रामाडॉलचे थेंब किंवा गोळी दिसताच थांबून विचारा.

आता तुमच्या आईविषयी. सगळ्यात आधी प्रीगॅबालिन. कार्पल टनेलच्या रुग्णांना मुंग्यांसाठी ते आपल्याकडे सर्रास चालू असतं, आणि ऑपरेशननंतरच्या चिठ्ठीत ट्रामाडॉल लिहिताना ते विसरलं जातं. दोन्ही गुंगी आणतात. एकत्र आली की गुंगी वाढते, श्वास उथळ होतो. वय जास्त असेल, झोपेत घोरताना श्वास अडकत असेल किंवा दम्यासारखा श्वसनाचा आजार असेल, तर धोका आणखी. शिवाय रात्री दोनला बाथरूमला उठताना तोल गेला तर आधाराला एकच हात असतो, दुसरा पट्टीत. प्रीगॅबालिन मात्र मनाने एकदम बंद करू नका. ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच कमी करायचं असतं. टाळायचं आहे ते ट्रामाडॉल.

दुसरं ग्लिमेपिराइड. ट्रामाडॉलने मळमळ आली की जेवण सुटतं. जेवण सुटलं आणि ग्लिमेपिराइड घेतलं की साखर खाली येते. ट्रामाडॉल स्वतःही काही मधुमेहींची साखर उतरवतं, हे त्याच्या माहितीपत्रकातच नोंदलेलं आहे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं घरच्यांना गोळीची गुंगी वाटतात आणि साखर तपासायची राहून जाते.

तुमच्या आईला लागू नसलं तरी विचारावं असं तिसरं: नैराश्य किंवा झोपेसाठीची गोळी चालू आहे का? एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, अमिट्रिप्टिलीन यांच्यासोबत ट्रामाडॉल घेतलं तर फिट येण्याचा आणि सेरोटोनिन वाढून थरथर, ताप, अस्वस्थता येण्याचा धोका असतो. अमिट्रिप्टिलीन तर नसेच्या दुखण्यासाठी छोट्या डोसमध्ये देतात, त्यामुळे रुग्णाला ती 'नैराश्याची गोळी' आहे हे ठाऊकच नसतं. विचारलं तर तो नाही म्हणतो. म्हणून तोंडी यादीवर विसंबू नका, घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या.

आता चिठ्ठीतली खरी चूक, जी मेडिकलवाल्यानेही सांगितली नाही. पॅरासिटामॉलची बेरीज करा. ट्रामाडॉलच्या एकत्र गोळीत ३७.५ मिग्रॅ ट्रामाडॉल आणि ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल असतं. तीन गोळ्यांचे ९७५ झाले. एसिक्लोफिनॅकच्या गोळीत पुन्हा ३२५, दिवसात दोन घेतल्या तर ६५०. वर घरची ६५० ची गोळी 'साधीच तर आहे' म्हणून चार वेळा घेतली, तर २६००. एकूण ४२२५ मिग्रॅ. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. तीन वेगळ्या रंगांची पाकिटं, तिन्हींवर वेगळी नावं, आणि आत तेच औषध. असं एक दिवस घडलं तर यकृताला बहुधा काही होत नाही, पण पाच दिवस रोज घडलं आणि त्यात माणूस नीट जेवत नसेल तर मामला गंभीर होतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. ते चष्मा लावून वाचा आणि पॅरासिटामॉल असलेलं एकच पाकीट हाताशी ठेवा.

माझा सल्ला एकत्र गोळ्या घेऊच नका असाच आहे. सुटी पॅरासिटामॉल आणि सुटं आयबुप्रोफेन घ्या. मग कशाचा डोस वाढवायचा आणि कशाचा थांबवायचा हे हातात राहतं. एसिक्लोफिनॅकसोबत सेराशिओपेप्टिडेज किंवा क्लोरझॉक्साझोन घातलेल्या तिहेरी गोळ्याही मिळतात. पहिल्याने सूज उतरते याला भक्कम पुरावा नाही, आणि दुसरं स्नायू सैल करण्याचं औषध आहे. तळहाताच्या चिरेशी त्याचं काही नातं नाही.

आईसाठी मी सुचवेन ते असं, पण ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना दाखवूनच चिठ्ठी बदलून घ्या. मुख्य औषध पॅरासिटामॉल, १ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या, दर आठ तासांनी, दिवसाला ३ ग्रॅम. दुखो न दुखो, पहिले दोन दिवस घड्याळाप्रमाणे. ४ ग्रॅमची मर्यादा असली तरी घरी मी ३ ग्रॅमवरच थांबतो, चुकून एखादी जास्त गेली तर मध्ये जागा राहते. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर एका वेळी किलोमागे १५ मिग्रॅ धरा. ४२ किलोच्या आजीला ६५० ची एकच गोळी पुरते. रोज दारू घेणारा किंवा यकृताचा आजार असलेला माणूस असेल तर दिवसाला २ ग्रॅमच्या वर जाऊ नये.

जोडीला आयबुप्रोफेन ४००, भरल्या पोटी. इथे थोडं थांबून विचार करावा लागतो. टेल्मिसार्टन, लघवी जास्त करणारं हायड्रोक्लोरोथायझाइड आणि आयबुप्रोफेन ही तिकडी एकत्र आली की किडनीचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. उन्हाळा असेल, पाणी कमी प्यायलं असेल, जुलाब झाले असतील तर दोन दिवसांतही क्रिएटिनिन चढू शकतं. आईचं क्रिएटिनिन ०.९ आहे, ते ठीक आहे. म्हणून आयबुप्रोफेन पूर्ण वर्ज्य नाही, पण दोनच दिवस आणि दिवसाला दोन गोळ्या, फार तर तीन. पाणी भरपूर. पूर्वी पोटात अल्सर झाला असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, हृदयाचं पंपिंग कमी असेल, वॉरफेरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, अशा गोळ्यांनी पूर्वी दमा उसळला असेल, किंवा गर्भाला २० आठवडे उलटले असतील तर आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक यांपैकी काहीही नको. त्यांनी पॅरासिटामॉलवर आणि हात उंच ठेवण्यावर भर द्यायचा. डायलिसिसवरच्या रुग्णांना कार्पल टनेल पुष्कळदा होतो. शिल्लक लघवी टिकवायची असेल तर त्यांनीही हा वर्ग टाळावा. पावसाळ्यात ऑपरेशनच्या आसपास ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

हृदयासाठी रोज ७५ ची ॲस्पिरिन घेणाऱ्यांसाठी एक बारकावा. आयबुप्रोफेन आधी घेतलं तर ते ॲस्पिरिनची जागा अडवतं आणि ॲस्पिरिनचं रक्त पातळ ठेवण्याचं काम फुकट जातं. साधी ॲस्पिरिन आधी घ्यावी आणि किमान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन. आवरण असलेल्या ॲस्पिरिनला हा हिशोब तसाच लागू होत नाही, तिथे डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलवर राहणं बरं.

वेळापत्रक घड्याळावर मांडून दाखवतो. समजा हात साडेदहाला बधिर केला. बधिर करण्याच्या लिग्नोकेन या औषधासोबत ॲड्रेनलिन असेल तर बधिरपणा साधारण तीन ते पाच तास टिकतो, म्हणजे दोन-तीनच्या सुमारास जाणीव परतू लागेल. पॅरासिटामॉलला काम सुरू करायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून एक वाजता, हात अजून लाकडासारखा असताना, दोन घास खाऊन १ ग्रॅम पॅरासिटामॉल आणि ४०० आयबुप्रोफेन. आई म्हणेल, 'आत्ता तर काहीच दुखत नाही, कशाला?' नेमकी हीच वेळ आहे. तीनला ठणका लागल्यावर गोळी घेतली तर पावणेचारपर्यंत तो चढतच राहतो, मग दुसरी गोळी शोधली जाते, मग तिसरी. रात्री नऊला जेवणानंतर पुन्हा दोन्ही. पॅरासिटामॉलचा तिसरा डोस पहाटे पाचला, त्यासाठी गजर लावा आणि गोळ्या-पाणी उशाशी ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, रात्री नऊला आणि पुढच्या पहाटे पाचला तेच. आयबुप्रोफेन मात्र फक्त दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर. तिसऱ्या दिवसापासून फक्त पॅरासिटामॉल, तेही दुखलं तरच. बहुतेकांचं तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळ्यांकडे लक्षही जात नाही.

गोळ्यांपेक्षाही मोठा फरक बधिर करण्याच्या इंजेक्शनने पडतो, आणि तो प्रश्न ऑपरेशनआधीच विचारायचा: 'शेवटी बुपिवाकेन घालणार का?' लिग्नोकेनचा असर दुपारी उतरतो, बुपिवाकेनचा बहुधा रात्रीपर्यंत राहतो, म्हणजे सगळ्यात वाईट तास झोपेत निघून जातात. जखम शिवताना ०.२५ टक्क्याचं ५ ते १० मिली कडेने सोडलं तरी पुरतं. १० मिलीत २५ मिग्रॅ औषध असतं आणि बुपिवाकेनची मर्यादा किलोमागे २ मिग्रॅ धरतात. लिग्नोकेनची ॲड्रेनलिनसह मर्यादा किलोमागे ७ मिग्रॅ. ६२ किलोच्या माणसाला ती ४३४ मिग्रॅ होते, आणि १ टक्क्याचं २० मिली म्हणजे २०० मिग्रॅ. दोन्ही औषधं एकत्र वापरली तर त्यांचा विषारीपणा एकमेकांत मिळतो, म्हणून प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र धरून चालत नाही. तरी या मात्रेत पुष्कळ जागा उरते. टोचताना होणारी आगही टाळता येते: १० मिली लिग्नोकेनमध्ये ८.४ टक्के सोडा बायकार्ब १ मिली, बारीक सुई आणि सावकाश हात. हाताला आवळपट्टा न बांधता असं जागेपणी ऑपरेशन करण्याची पद्धत कॅनडातल्या डोनाल्ड लालोंड यांनी जगभर नेली. बधिरपणा लांबला तर एकच काळजी: त्या हाताने गरम कप, तवा, गरम पाण्याची पिशवी धरायची नाही. भाजलं तरी कळत नाही.

हात उंच ठेवणं हे औषधच समजा. ठणका नाडीच्या ठोक्यागणिक लागतो, कारण सुजलेल्या जागी रक्त धडकत असतं. हात हृदयाच्या वर, बोटं छताकडे. आडवं पडल्यावर कोपराखाली एक आणि हाताखाली दोन उशा. गळ्यातल्या झोळीत बऱ्याचदा चूक होते. झोळी सैल असते, मनगट पोटाशी लोंबतं आणि सूज बोटांत उतरते. रुग्ण झोळी घालून दिवसभर बसतो आणि संध्याकाळी म्हणतो, गोळी लागू पडत नाही. जागेपणी दर तासाला दहा वेळा पूर्ण मूठ आणि पूर्ण पंजा. ऑपरेशनच्या सकाळी त्या हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या घरीच काढून ठेवायला सांगा. सूज आल्यावर साबणाने काढायचा खटाटोप फार वेदनेचा असतो.

एवढं करूनही दुखणं वाढत गेलं, तर आणखी जोरदार गोळी शोधण्याआधी पट्टी बघा. बोटं फुगून चकचकीत झाली असतील, नखावर दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत येत नसेल, किंवा बधिरपणा उतरल्यावर पुन्हा नव्याने सुन्न वाटत असेल, तर पट्टी आवळली आहे किंवा आत रक्त साकळलं आहे. लगेच फोन करून जा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी झालेलं दुखणं पुन्हा चढलं, लाली किंवा पू दिसला, बोट किंचित वाकलेलं राहून दुसऱ्याने सरळ करताना जीव जात असेल, तर जंतुसंसर्ग आत शिरल्याची शक्यता असते आणि तिथे तासांचा हिशोब असतो. ट्रामाडॉलची गुंगी इथेच घातक ठरते. ती ही हाक दाबून टाकते आणि माणूस सकाळपर्यंत वाट बघतो.

एक दुखणं मात्र वेगळं आहे, त्याने घाबरू नका. टाके निघाल्यावरही तळहाताच्या बुडाशी, चिरेच्या दोन्ही बाजूंना, दाब पडला की कळ येते. कणीक मळताना, पोळी लाटताना, खुर्चीच्या हातावर भार देऊन उठताना ती जास्त कळते. ती काही आठवडे, अनेकांना तीन महिन्यांपर्यंत राहते. तिच्यासाठी ना ट्रामाडॉल, ना रोज आयबुप्रोफेन. व्रणाला मालीश, मऊ कापडाची घडी आणि हळूहळू वाढवलेलं काम.

अफूवर्गीय औषध कुठे द्यावं? अंगठ्याच्या मुळाचं हाड काढणं, मनगटाच्या हाडाला प्लेट बसवणं, चिरडलेला हात, अशा ऑपरेशनांत पहिले दोन-तीन दिवस त्याची खरी गरज पडू शकते. आयबुप्रोफेनचा वर्गच ज्यांना चालत नाही, पॅरासिटामॉल पुरत नाही आणि पट्टी व जखम तपासून ठीक आहे, अशांनाही. तेव्हा सुटं ट्रामाडॉल ५० मिग्रॅ, झोपताना किंवा असह्य झाल्यावरच, आणि चिठ्ठीवर चार-पाच गोळ्या, पंधरा नाहीत. सोबत दारू नाही, झोपेची गोळी नाही, गाडी चालवणं नाही. पोट साफ राहील हे बघायचं. आधीपासून कर्करोग किंवा इतर कारणाने ही औषधं घेणाऱ्यांचं वेगळं नियोजन भूलतज्ज्ञाने करायचं असतं.

संख्येवर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. अमेरिकेत हाताच्या ऑपरेशननंतर तीस-तीस गोळ्या देत असत. २५० रुग्णांची पाहणी झाली तेव्हा बहुतेकांनी दहाच्या आसपास वापरल्या होत्या, बाकीच्या घराघरांत पडून होत्या. त्याआधी कधी ही औषधं न घेतलेल्या ३६ हजारांवर शस्त्रक्रिया-रुग्णांच्या २०१७ च्या अभ्यासात सुमारे ६ टक्के लोक तीन महिने उलटल्यावरही ती घेत होते. ऑपरेशन लहान होतं की मोठं, याने त्यात फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे सवय लागायला मोठ्या वेदना लागत नाहीत, घरात पाकीट असणं पुरतं. आपल्याकडे ऑक्सिकोडोन सहसा लिहीत नाहीत. आपल्याकडे ते काम ट्रामाडॉल करतं, आणि म्हणूनच एप्रिल २०१८ मध्ये ते मादक पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं गेलं. मेडिकलवाल्याचं म्हणणं त्या अर्थाने बरोबर होतं.

यावरून भावाबद्दल. गोळ्या आधीच आणल्या असतील तर न उघडलेलं पाकीट बिलासह परत घेतात का ते विचारा. घेतलं नाही तर कपाटात 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवू नका. गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहापावडरीत किंवा मातीत कालवा, पिशवी बांधून कचऱ्यात टाका. पण पाठदुखीला उपयोगी पडतील म्हणून त्या भावाच्या बॅगेत तर मुळीच जाऊ देऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल आणि कोडीन नियंत्रित औषधं आहेत. आधी परवानगी न घेता ती नेणं तिथे गुन्हा ठरू शकतो, आणि गोळ्या आईच्या चिठ्ठीवरच्या होत्या हे विमानतळावर सांगून उपयोग होत नाही.